सरमेचा प्रश्न

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गावर एकलव्याची गोष्ट सांगण्याचा प्रसंग आला. ही गोष्ट सांगताना शिक्षकाला फारसे श्रम पडत नाहीत. अरण्य, मातीची गुरुमूर्ती, निषादपुत्र आणि त्याची एकाग्र साधना एवढे डोळ्यांपुढे उभे केले, की वर्ग आपोआप स्तब्ध होतो. पांडवांचा कुत्रा भटकत एकलव्यासमोर येतो, त्याच्या जटा आणि मलिन अंग पाहून भुंकू लागतो आणि एकलव्य क्षणार्धात सात बाण सोडून त्याचे तोंड बंद करतो. हा भाग आला तेव्हा मुलांच्या मुद्रांवर अपेक्षेप्रमाणे कौतुक उमटले. मी द्रोणाचार्यांकडे वळणार, इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग त्या कुत्र्याचे पुढे काय झाले?"

सारा वर्ग हसला. मीही हसले आणि "ते व्यासांनी सांगितलेले नाही," असे म्हणून पुढे गेले. प्रश्न विचारणारा मुलगा खाली बसला. तास संपला, परंतु तो प्रश्न काही केल्या माझी पाठ सोडीना. कारण त्या दिवसांत माझ्याही घरी एक भुंकणारा कुत्रा होता आणि त्याचे तोंड बंद करतील असे बाण मी शोधीत होते.

त्याचे नाव टायगर. नाव वाघाचे, देह सशाचा. पांढरेशुभ्र लांब केस, टोकदार कान, पाठीवर वळलेले झुपकेदार शेपूट आणि वजन जेमतेम सहा किलो. अशा कुत्र्यांना आपण सरसकट पॉमेरेनियन म्हणतो. वस्तुतः आपल्याकडे दिसणारे बहुतेक कुत्रे भारतीय स्पिट्झ या जातीचे असतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफी याच जातीचा. टायगर मूळचा माझ्या मावशीचा. केपे तालुक्यातील एका खेड्यात कुळागराच्या कडेला तिचे घर होते. पुढे अंगण, मागे माड-पोफळी, शेजारचे घर हाकेच्या अंतरावर. मावशी एकटी राहत असे आणि टायगरचे भुंकणे हा तिचा मोठा आधार होता. पायवाटेवर परका माणूस दिसला, केळीवर माकडे उतरली, न्हाणीघराजवळ साप आला, की टायगर भुंके. आणि मावशी आतून त्याला शाबासकी देई. २०२३ च्या जुलैमध्ये मावशी वारली. बाराव्या दिवसानंतर त्या बंद घराच्या पायरीवर तो बसून होता. त्याला तेथे सोडून येणे मला शक्य झाले नाही. मी त्याला मडगावला आमच्या तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये घेऊन आले.

खेड्यात जो त्याचा गुण होता, तोच शहरात अपराध ठरला. येथे परकी माणसे पायवाटेने क्वचित येत नसून जिन्यावरून दिवसभर जात-येत होती. खाली रस्त्यावरून वाहने धावत होती, उदवाहकाचे दार आदळत होते, दाराची घंटा वाजत होती. पहाटे पदेर सायकलचा भोंगा वाजवीत आला, की गॅलरीच्या गजांतून तोंड काढून टायगर जो सुरू होई, तो पदेर कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत थांबत नसे. टायगर आपले जुने कर्तव्यच इमानाने बजावीत होता. पण शंभर माणसांच्या इमारतीत ते कर्तव्य कोणाला नको होते.

एके दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई दाराशी आल्या. त्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. त्या महिन्यात त्यांना रात्रपाळी होती. सकाळी साडेआठला घरी येऊन दुपारी दोनपर्यंत झोपायचे, एवढीच त्यांची रात्र. त्या भांडायला आल्या नव्हत्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. मला उत्तर देता आले असते. दाराच्या चौकटीला हात टेकून त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, सहा दिवस झाले, मी झोपलेली नाही. काल औषधाची मात्रा मोजताना माझी चूक होता होता राहिली." त्यांचे डोळे लाल झाले होते. मी क्षमा मागितली आणि दार लावून घेतले. आम्ही सारे सकाळी साडेसातला बाहेर पडतो ते दुपारी दोनच्या सुमारास परततो. आमच्या पाठीमागे टायगर भुंकतो, हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

पुढल्याच आठवड्यात सोसायटीच्या चिटणीसांचे पत्र आले: एका महिन्याच्या आत कुत्र्याची अन्यत्र व्यवस्था करावी. माझ्या यजमानांनी कायद्याची माहिती काढली. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेही पाळीव कुत्रा ठेवण्यावर बंदी घालता येत नाही, असे त्यांनी मला वाचून दाखविले. कायदा आमच्या बाजूला होता. परंतु त्या लाल डोळ्यांना कायद्याने झोप येणार नव्हती. रुग्णालयात कोणाच्या तरी वडिलांना, कोणाच्या तरी लेकराला त्याच हातांनी औषध द्यायचे होते. हक्क आपला असला, तरी त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी हे काही खरे नव्हे.

मग मी टायगरला सुधारण्याच्या मागे लागले आणि जेवढ्या म्हणून चुका करता येतात तेवढ्या केल्या. तो भुंकू लागला, की मी आतून ओरडे. शिक्षकाचा आवाज, तो तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत सहज पोहोचे. टायगर क्षणभर माझ्याकडे पाही आणि दुप्पट उत्साहाने भुंकू लागे. त्याच्या समजुतीप्रमाणे मीही त्याच्यासोबत भुंकत होते! वह्या तपासताना त्याने पायाशी येऊन भुंकण्याचा हट्ट धरला, की 'एकदाचा गप्प बस' म्हणून मी बिस्किट देई. तो गप्प बसे. आपण त्याला गप्प केले असे मला वाटे. प्रत्यक्षात भुंकले की बिस्किट मिळते, हा धडा मी त्याला रोज घोटून देत होते.

आणि एकदा, हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते वगळले तर हा लेख खोटा होईल, मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारले. फार लागले नसेल. परंतु तो खाटेखाली गेला तो रात्री जेवायलाही बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचायला उघडले, तेव्हा त्याच्या आवाजानेच तो थरथरू लागला. भुंकणे मात्र यत्किंचितही उणे झाले नाही.

यजमानांनी आंतरजालावर एक पट्टा शोधून काढला. तो कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा. कुत्रा भुंकला की पट्ट्यातून त्याला विजेचा झटका बसतो. क्षणभर मलाही मोह पडला. मग मला एकलव्याचे सात बाण आठवले. हे तेच बाण, फक्त विजेचे. वेल्समध्ये असे पट्टे वापरण्यावर २०१० सालीच बंदी घालण्यात आली. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. कुत्रा भयाने भुंकत असेल, तर झटक्याने त्याचे भय वाढते. समोर लहान मूल दिसत असताना झटका बसला, तर लहान मूल म्हणजे वेदना असे समीकरण त्याच्या मनात पक्के होऊ शकते. तोंड बंद होईल. पण ज्यासाठी ते उघडले होते ते कारण आतच राहील. आम्ही तो पट्टा मागविला नाही.

महिन्यातले दहा दिवस असेच गेले. एका संध्याकाळी मी पुन्हा एकदा क्षमा मागण्यासाठी खालच्या मजल्यावर गेले. परिचारिकाबाई कामावर निघाल्या होत्या. त्यांची वृद्ध आई आतल्या खोलीत जपमाळ हाती धरून बसली होती. मी टायगरच्या भुंकण्याविषयी बोलू लागले, तशी ती म्हातारी मान हलवून म्हणाली, "बाय, तो रडटा."

रडतो! माझ्या मातृभाषेतला तो साधा शब्द ऐकून मी थबकले. इतके दिवस आम्ही सारे 'भुंकतो' हेच क्रियापद वापरीत होतो. चिटणीसांच्या पत्रात तेच होते, पट्ट्याच्या जाहिरातीत तेच होते. दिवसभर छताखाली बसून ऐकणाऱ्या त्या आजींनी मात्र आवाजातला फरक ओळखला होता.

जिना चढताना मला आदिपर्वातलाच दुसरा एक कुत्रा आठवला. एकलव्याच्या बराच आधी, जवळजवळ महाभारताच्या दारातच, तो आपल्याला भेटतो. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करीत असता देवशुनी सरमेचे पिलू तेथे येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते पिलू रडत आईकडे जाते. सरमा त्याला दटावीत नाही. ती विचारते, का रडतोस? कोणी मारले? ते म्हणते की मी कसलाही अपराध केला नाही. हविर्द्रव्याकडे पाहिले नाही की त्याला तोंड लावले नाही. मग सरमा त्या यज्ञमंडपात जाऊन तेच विचारते: माझ्या निरपराध मुलाला का मारलेत? त्यांच्यापाशी उत्तर नसते आणि अकल्पित भय तुमच्यावर येईल, असा शाप त्यांना मिळतो. एकाच पर्वातले हे दोन कुत्रे. एकाचे तोंड बाणांनी बंद केले गेले आणि साऱ्यांनी नेमबाजीचे कौतुक केले. दुसऱ्याला मात्र कोणीतरी विचारले, का रडतोस? माझ्या हातातले गुंडाळलेले वर्तमानपत्र मला आठवले. जनमेजयाच्या भावांपाशी नव्हते, तसे माझ्यापाशीही उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही घातली. विद्यार्थी विज्ञानाच्या प्रयोगाची नोंद ठेवतात तशी. चार रकाने: वेळ, भुंकण्यापूर्वी काय घडले, आवाज कसा होता आणि भुंकल्यानंतर त्याला काय मिळाले. सकाळी निघताना जुना मोबाईल ध्वनिमुद्रणासाठी चालू करून ठेवू लागले. पहिल्या दिवशीची मुद्रिका रात्री ऐकली. दार लागल्यापासून पाच मिनिटांत आवाज सुरू झाला होता. उंच स्वर, दोन हाकांमध्ये अंतर, शेवटी कण्हल्यासारखी लांबण. पदेरावर भुंकतानाचा तो दाट, खर्जातला, एकावर एक आदळणारा आवाज हा नव्हे. बंद दारापाशी उभे राहून तो हाका मारीत होता. मावशी एकदा घराबाहेर गेली ती परत आली नव्हती. आता आम्हीही रोज बाहेर जात होतो.

नोंदी वाढू लागल्या तशी मी वाचू लागले. लांडगा प्रौढपणी क्वचितच भुंकतो. कुत्रा मात्र माणसाच्या सहवासात भुंकण्याला अनेक अर्थ देऊ लागला. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील पीटर पोंग्राट्स, आदाम मिक्लोशी आदी संशोधकांनी मूडी नावाच्या मेंढपाळी कुत्र्यांचे भुंकणे निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केले: परका माणूस आला तेव्हाचे, एकटे बांधून ठेवले तेव्हाचे, चेंडू मागतानाचे, खेळतानाचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की नुसता आवाज ऐकून तो कोणत्या प्रसंगीचा हे माणसे केवळ अंदाजाने जमेल त्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा ओळखतात. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही तीही. २०११ साली याच विद्यापीठातील संशोधकांनी सहा, आठ आणि दहा वर्षांच्या मुलांची अशीच परीक्षा घेतली. तीही पुष्कळ अंशी उत्तीर्ण झाली. म्हणजे ही भाषा समजण्याचे सामर्थ्य आपणा सर्वांना आहे. उणीव आहे ती ऐकून घेण्याची.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत आपण आणखी एक अन्याय करतो. एखादा अल्सेशियन गुरगुरला, तर घरातली माणसे सावध होतात आणि त्याला शिस्त लावतात. सहा किलोचा पांढरा गोळा गुरगुरला, तर सारे हसतात आणि त्याला उचलून घेतात. २०१० साली व्हिएन्ना येथील संशोधकांनी शेकडो कुत्रेमालकांना प्रश्नावली दिली, तेव्हा लहान कुत्र्यांचे मालक आपल्या वागण्यात कमी सुसंगत असतात आणि त्यांना कमी शिकवतात, असे आढळून आले. स्पिट्झ कुळातले कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या घर राखण्यासाठी पाळले गेले. राखणदाराला आपण दिवाणखान्यातले खेळणे करतो आणि त्याने राखण केली की चिडतो!

आठ दिवसांनी वही वाचली, तेव्हा टायगरचे भुंकणे एक नसून चार असल्याचे दिसून आले आणि प्रत्येकाचे औषध निराळे होते. आधी मी त्याला पशुवैद्यांकडे नेले. कान दुखत असतील, दात किडले असतील, सांधे धरले असतील, तर कुत्रा अधिक भुंकतो. ते आधी तपासावे लागते. टायगर निरोगी होता.

पहिले भुंकणे गॅलरीतले. पदेर येतो, टायगर भुंकतो, पदेर जातो. पदेर आपल्या कामाने पुढे जात असतो; परंतु टायगरच्या हिशेबी शत्रू रोज पराभूत होत होता. एडवर्ड थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम मी बी.एड.च्या परीक्षेत पाठ करून लिहिला होता: ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती दृढ होते. तो नियम माझ्याच गॅलरीत रोज सकाळी सिद्ध होत असता मला दिसला नव्हता. आम्ही गॅलरीच्या गजांना खालच्या बाजूने दोन हात उंच चटई बांधली. जे दिसत नाही, त्यावर भुंकण्याचे प्रयोजन उरत नाही. शिवाय शाळेपूर्वी अर्धा तास मी त्याला फिरायला नेऊ लागले, तेही घाईने ओढीत नव्हे. प्रत्येक झाडाशी, प्रत्येक कोपऱ्याशी थांबून त्याला मनसोक्त वास घेऊ देत असे. कुत्र्याचे वर्तमानपत्र ते हेच.

दुसरे भुंकणे दाराच्या घंटेचे. येथे पाव्हलॉव्ह मदतीला आला. घंटा म्हणजे परका, ही त्याची सांगड मोडून घंटा म्हणजे गोणपाटावर जाऊन बसणे आणि खाऊ, अशी नवी सांगड घालायची होती. माझी आठ वर्षांची कन्या बाहेर उभी राहून घंटा वाजवी. मी टायगरला गोणपाटावर नेऊन उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा देई. दिवसाला दहा वेळा, रोज. तीन आठवड्यांनी घंटा वाजली, की तो एकदा भुंके आणि धावत गोणपाटावर जाऊन माझ्या हाताकडे पाहू लागे.

तिसरे भुंकणे माझ्या पायाशी बसून बिस्किटासाठी केलेले. यावर उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत कठीण: लक्ष द्यायचे नाही. पाहायचे नाही, बोलायचे नाही, रागवायचेही नाही. तो शांत झाला, की दोन-तीन श्वास थांबून मग त्याला जवळ घ्यायचे. पहिले काही दिवस भुंकणे उलट वाढले. नेहमीची किल्ली लागेनाशी झाली, की माणूस ती अधिक जोराने फिरवतो, तसेच हे. तिसऱ्या दिवशी यजमानांचा धीर सुटला आणि त्यांनी हळूच एक बिस्किट दिले. झाले! पुरेसा वेळ भुंकत राहिले, की अखेर बिस्किट मिळतेच, हे टायगरला कळले आणि आम्हांला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशा बक्षिसाने लागलेली सवय सुटायला सर्वांत अवघड असते. घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळला नाही, तर शिस्त लागत नाही, हे पालकांनीही ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच सुमारास आणखी एक गंमत माझ्या लक्षात आली. आमच्या घरी सारे बोलणे कोंकणीत चालते. मी शाळेत मराठी शिकवते. परंतु कुत्र्याशी बोलताना आम्ही सारे इंग्रज होत होतो. 'नो', 'सिट', 'शट अप'! आणि हा बिचारा पाच वर्षे मावशीच्या कोंकणीत वाढलेला. मावशी त्याला हळू आवाजात 'ओगी राव' म्हणे. मीही तेच शब्द धरले. तो क्षणभर थांबला, की त्याच क्षणी 'ओगी राव' म्हणायचे आणि अंड्याचा तुकडा द्यायचा. ओरडून नव्हे, मावशीच्याच स्वरात. पहिल्यांदा ते शब्द ऐकले, तेव्हा त्याने मान तिरपी करून माझ्याकडे बराच वेळ पाहिले. कोणत्याही भाषेतला शब्द तो शिकला असता, हे मला मान्य आहे. पण या शब्दांना जुनी ओळख होती आणि ते म्हणताना माझाही आवाज आपोआप खाली येई.

चौथे भुंकणे म्हणजे ते रडणे. त्याला शिस्त लावायची नव्हती, धीर द्यायचा होता. मी किल्ल्या उचलून पुन्हा खुर्चीत बसे. चपला घालून पुन्हा काढी. दार उघडून बाहेर पाऊल टाकी आणि तो घाबरण्यापूर्वी परत येई. पाच क्षण, मग अर्धे मिनिट, मग दोन मिनिटे. जाणारे माणूस परत येते, हे त्याला शब्दांनी सांगता येत नव्हते. शेकडो वेळा जाऊन आणि परत येऊन सांगावे लागले. परंतु हे शिक्षण चालू असताना त्याला रोज सहा तास एकटे कोंडून ठेवले असते, तर केलेले सारे पाण्यात गेले असते. आणि चिटणीसांनी दिलेली मुदत संपत आली होती.

मी पुन्हा खालच्या मजल्यावर गेले आणि वही परिचारिकाबाईंपुढे ठेवली. काय करते आहे आणि कोठे अडले आहे, ते सांगितले. त्या बराच वेळ पाने उलटीत राहिल्या. मग आतून आजींनीच विचारले, "सकाळी त्याला माझ्याकडे का नाही ठेवीत?" मुलीची झोप मोडू नये म्हणून त्या रोज सकाळी साडेआठपासून दुपारी दोनपर्यंत आतल्या खोलीत निःशब्द बसून असत, रेडिओही लावीत नसत. ज्या घरातून तक्रार आली, त्याच घरी टायगरला पाठविणे मला धाडसाचे वाटले. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला आणायला गेले, तेव्हा आजी जप करीत होत्या, टायगर त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून झोपला होता आणि पलीकडच्या खोलीत परिचारिकाबाईही झोपल्या होत्या. त्याला एकटे राहणे नको होते. आजींनाही नको होते. त्यांनी ते कधी बोलून दाखविले नव्हते एवढेच.

परिचारिकाबाईंनीच चिटणीसांना सांगून मुदत वाढवून घेतली. दोन महिन्यांनी टायगर एकटा तीन तास शांत राहू लागला. आता आजी कधी गावाला गेल्या, तर यजमान मधल्या सुटीत घरी येऊन जातात. वहीचे रकाने रिकामे पडू लागले आणि एके दिवशी ती वही मी मिटून ठेवली.

येथे हा लेख संपायला हरकत नव्हती. परंतु एक ऋण राहिले होते. एकलव्याच्या कुत्र्याविषयी विचारणारा मुलगा वर्गात सर्वाधिक बडबड करणारा म्हणून प्रसिद्ध होता. टेबलावर डस्टर आपटून 'गप्प बस' असे मी त्याला किती वेळा म्हटले असेल, त्याला गणती नाही. विद्यार्थ्यांनी गैरसमज करून घेऊ नये. मुलाची आणि कुत्र्याची तुलना मी करीत नाही. तुलना आहे ती माझ्या दोन वागण्यांची. घरी मी ओरडून थकले तेव्हा विचारू लागले. वर्गात अजून ओरडतच होते. एके दिवशी मधल्या सुटीत मी त्याला जवळ बोलावून विचारले, "तू तासाला का बोलतोस?" तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत राहिला. मग म्हणाला, "बाई, पुस्तकातले काही शब्द मला कळत नाहीत. शेजारच्याला विचारतो. तुम्हांला विचारले, तर सगळे हसतात."

सगळे हसतात. आणि त्या दिवशी मीही हसले होते. घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकणे म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. लहानपणी तोच जिना मीही चढले होते. पण वरच्या पायरीवर पोहोचलेल्याला खालच्या पायरीचा विसर पडतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सरमेची गोष्ट सांगितली आणि कबूल केले, की त्या कुत्र्याविषयीचा प्रश्न उत्तम होता. हसण्यात आम्हा सर्वांची चूक झाली. आता प्रत्येक तासाच्या आरंभी आम्ही अडलेले शब्द फळ्यावर लिहितो. सर्वांत लांब यादी त्याचीच असते. वर्गात आवाज आहे, पण तो निराळा आहे.

आपल्या संविधानाच्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. करुणा म्हणजे लाड, असे मला पूर्वी वाटे. बिस्किट देऊन तोंड बंद करणे हा लाड झाला, पट्टा बांधून बंद करणे हे क्रौर्य झाले. दोहोंतही ऐकून घेण्याचे कष्ट आपण टाळतो. ज्यांच्या घरी असा छोटा राखणदार असेल, त्या विद्यार्थी मित्रांना मी एवढेच सुचवीन, की एक वही घाला आणि आठ दिवस नुसते ऐका. आणि शेजाऱ्यांकडे तक्रार ऐकण्यापूर्वीच एकदा जाऊन या.

टायगर आता पूर्ण मुका झाला आहे, असे मात्र कोणी समजू नये. पदेराचा भोंगा वाजला, की तो अजूनही चटईआडून तीनदा भुंकतो. ते तीन शब्द आम्ही त्याला बोलू देतो. आयुष्यभर केलेली नोकरी एकदम कशी सुटावी? मग मी हळूच म्हणते, "ओगी राव." तो येतो, गोणपाटावर बसतो आणि खालच्या मजल्यावर कोणाची झोप मोडत नाही.